जहाज परक्याचे, खलाशी आपला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात गेले काही महिने परराष्ट्र धोरणावर सातत्याने लेख आणि वाचकांची पत्रे येत आहेत. अमेरिकेने वाढवलेले आयातशुल्क, रशियाचे तेल, चीनच्या सीमेवरचा तणाव, पश्चिम आशियातील युद्धे हे सगळे विषय त्यांत आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र या चर्चेत समुद्र फारसा दिसत नाही आणि समुद्रावर पोट भरणारा माणूस तर जवळजवळ नाहीच, ही गोष्ट मला फार खटकते. मी गेली एकतीस वर्षे न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगच्या कामात आहे, नेरुळला राहतो, आणि माझ्या घरातला एक मुलगा जहाजावर नोकरी करतो. त्यामुळे परराष्ट्र धोरण मला शिखर परिषदांच्या छायाचित्रांपेक्षा बंदराच्या फाटकावर आणि घरातल्या फोनवर जास्त कळत आले आहे. मालाचा देश एक, जहाजाचा दुसरा, मालकाचा तिसरा, विम्याचा चौथा, अशी विखुरलेली व्यवस्था जागतिकीकरणाने उभी केली. ती सुरळीत चालते तोवर सर्वांचा फायदा होतो. संकट आले म्हणजे मात्र जबाबदार कोण हेच सापडत नाही, आणि माझ्या मते आपल्या सुरक्षेपुढचे आजचे सर्वात अवघड आव्हान हेच आहे.

न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, हे येथील लोक विसरलेले नाहीत. आज त्याच जमिनीवर दुबईची कंपनी दोन टर्मिनल चालवते, सिंगापूरची एक, डेन्मार्कची आणखी एक, आणि बंदराचे स्वतःचे जुने टर्मिनलही २०२२ पासून एका फ्रेंच जहाज कंपनीच्या भागीदारीत चालते. वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजले तर वर्षाला सत्तर लाखांहून अधिक कंटेनर येथे हाताळले जातात. परकीय भांडवल येऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्याच भांडवलामुळे माझ्यासारख्या हजारो कुटुंबांची घरे उभी राहिली. पण करळ फाट्यावरून बंदराकडे जाताना दिसणाऱ्या या क्रेन म्हणजे जगाशी आपले संबंध कसे गुंतले आहेत याचा उघडा नकाशाच आहे. तेहरान किंवा येमेनमध्ये काही घडले की त्याचा धक्का दिल्लीतल्या चर्चासत्रांआधी येथील ट्रेलरच्या रांगेला बसतो.

१३ एप्रिल २०२४ ची गोष्ट घ्या. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या कमांडोंनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'एमएससी एरिस' हे कंटेनर जहाज ताब्यात घेतले. ते न्हावा शेव्याला येत होते. जहाजावर पोर्तुगालचा ध्वज होता, ते चालवणारी कंपनी स्वित्झर्लंडमधली होती, मालकीचा धागा लंडनमार्गे एका इस्रायली उद्योगपतीपर्यंत जात होता आणि त्या धाग्यामुळेच इराणने ते पकडले होते. जहाजावरच्या पंचवीस जणांपैकी सतरा भारतीय होते. इराण-इस्रायल वैराशी या सतरा जणांचा काय संबंध? पोर्तुगाल त्यांना सोडवायला पुढे येईल अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी दुसऱ्याच दिवशी इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलणे केले, पाच दिवसांत केरळची एक तरुण डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरची शिकाऊ अधिकारी, घरी परतली आणि मे महिन्यात आणखी पाच जण सुटले. हे यश मी मनापासून मान्य करतो. इराणशी संबंध टिकवून ठेवण्याच्या आपल्या धोरणावर बरीच टीका होते, पण त्या दिवसांत त्या संबंधांचा उपयोग सुटून आलेल्यांच्या घरांना प्रत्यक्ष कळला. प्रश्न इतकाच आहे की ज्या जहाजाची बातमी होत नाही, त्यावरच्या खलाशाचे काय होते?

माझ्या मोठ्या भावाचा मुलगा अशाच एका जहाजावर होता. सीबीडी बेलापूरमधल्या एका एजंटामार्फत तो गेला. एजंटाचे आणि जहाजाचे नाव येथे लिहीत नाही, कारण तक्रारीचा निकाल लागायचा आहे आणि मला सांगायची गोष्ट एका एजंटापुरती नाही. आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या त्या छोट्या टँकरवर तो ओएस म्हणून, म्हणजे सर्वात खालच्या पदावर, साइन ऑन झाला. पहिले तीन महिने पगार आला. चौथ्या महिन्यापासून बंद झाला. सहाव्या महिन्यात मालकाचा फोन लागेनासा झाला. डिझेल वाचवण्यासाठी जनरेटर दिवसातून दोन तास चालवायचे, त्या दोन तासांत सगळ्यांनी फोन चार्ज करून घ्यायचे, असा नियम कप्तानाने घातला. रात्री नऊच्या सुमारास आमच्या वहिनींना त्याचा फोन येई आणि तो फक्त काय खाल्ले ते सांगे, कारण बाकी सांगण्यासारखे काही नसे. भात आणि मूग, मूग आणि भात. पिण्याचे पाणी बार्जवरून येई. बार्जचे पैसे थकले तेव्हा एसीतून गळणारे पाणी बादलीत धरून ठेवल्याचे त्याने एकदा सांगून टाकले. त्यानंतर वहिनींनी कित्येक दिवस तो विषय काढला नाही.

त्या काळात मी एका कागदावर चौकटी आखून माहिती लिहायला घेतली, कारण कागदपत्रे जमवणे हे माझे रोजचेच काम आहे. ध्वज कोणाचा, या चौकटीत एका लहानशा बेटराष्ट्राचे नाव आले, ज्याची वकिलात मुंबईत नाही. नोंदणीकृत मालक म्हणजे तिसऱ्याच देशातल्या एका पत्त्यावरची कंपनी, जिच्याकडे हे एकच जहाज होते. जहाज चालवणारी कंपनी आखातातली. विम्याच्या चौकटीत जे प्रमाणपत्र होते त्याची मुदत संपलेली होती. माल एका व्यापाऱ्याचा, तो कधीच उतरवून गेलेला. शेवटच्या चौकटीत आमचा बेलापूरचा एजंट. तो म्हणाला, ''मी फक्त माणूस पाठवला, जहाज माझे नाही.'' वहिनींनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, ''भावोजी, मग दाद मागायची कुणाकडे?'' जगभरचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावत्या, वाचण्यात आयुष्य गेलेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही. सात महिन्यांनी तो घरी आला. आला तो येथील खलाशांच्या संघटनेने आणि परदेशातल्या आपल्या वकिलातीतल्या एका सज्जन अधिकाऱ्याने वैयक्तिक लक्ष घातल्यामुळे. पगार निम्म्याहून कमी मिळाला.

आमच्या घरावर आलेला हा प्रसंग अपवाद असता तर मी हे पत्र लिहिले नसते. मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांची नोंद आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना मिळून ठेवतात. २०२४ या एका वर्षात अशा जहाजांची संख्या तीनशेवर गेली आणि त्यांवर अडकलेल्या खलाशांत सर्वाधिक भारतीय होते. भारतीय खलाशी जगाच्या जहाजांवर जवळपास सर्वत्र आहेत. दर दहा खलाशांमागे एकाहून अधिक भारतीय असतो, असे सरकारच अभिमानाने सांगते आणि तो अभिमान रास्त आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे 'बोटीवर' जात आली आहेत. आमच्या नेरुळ-करावे भागात पाम बीच रस्त्याला लागून टी. एस. चाणक्य ही प्रशिक्षण संस्था आहे, जिची परंपरा १९२७ च्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजापर्यंत मागे जाते. बेलापूरच्या प्रत्येक दुसऱ्या इमारतीत खलाशी भरतीचे एखादे कार्यालय आढळते. त्यांतली कोणती परवानाधारक आणि कोणती नुसती पाटी लावून बसलेली, हे अठरा-वीस वर्षांच्या मुलाला आणि कर्ज काढून त्याचे पैसे भरणाऱ्या त्याच्या वडिलांना कळत नाही.

कायदा नाही असे नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात जहाज आणि त्याच्या ध्वजाचा देश यांच्यात खरा संबंध असला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या तीन देशांच्या ध्वजांखाली जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक जहाज-क्षमता फिरते. नोंदणी शुल्क भरले की ध्वज मिळतो. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मंजूर केला. त्यातील सुधारणेनुसार २०१७ पासून प्रत्येक जहाजमालकाने अशा प्रसंगासाठी आर्थिक हमी ठेवणे बंधनकारक आहे, आणि त्या हमीतून खलाशाला चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च मिळू शकतो. पण हमी तपासायची कोणी? मुख्यतः ध्वजाच्या देशाने. आणि तो देश म्हणजे पुष्कळदा परक्या शहरातले एक खासगी कार्यालय असते. मोठ्या, नामांकित जहाज कंपन्यांचा येथे प्रश्न नाही. त्यांच्याकडे पगार वेळेवर होतो. प्रश्न आहे तो जुनी जहाजे विकत घेऊन निर्बंध चुकवणारे तेल वाहून नेणाऱ्या मालकांचा. रशिया, इराण आणि व्हेनेझुएलावरील निर्बंध वाढत गेले तसा हा अदृश्य ताफाही वाढला. निर्बंध लादतात दुसरेच देश, त्यातून व्यापार उभा करतात दुसरेच व्यापारी, आणि पकडले गेल्यावर तुरुंगाच्या दारात उभा राहतो आपला पंचविशीतला पोरगा.

प्रतिष्ठित मालकाच्या जहाजावरही माणूस सुरक्षित असतोच असे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हिरॉइक इडुन' हे मोठे तेलवाहू जहाज पश्चिम आफ्रिकेत इक्वेटोरियल गिनीने अडवले आणि पुढे नायजेरियाच्या ताब्यात दिले. त्यावरचे सोळा भारतीय मे २०२३ अखेर सुटले, म्हणजे साडेनऊ महिन्यांनी. त्याआधी २०२० मध्ये चीन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या कोळशाच्या वादात 'जग आनंद' आणि 'अनास्तासिया' या दोन जहाजांवरचे एकोणचाळीस भारतीय खलाशी चिनी बंदरांबाहेर महिनोन्‌महिने तिष्ठत राहिले. ना माल उतरवू देत, ना माणसे बदलू देत. भांडण दोन परक्या देशांचे, कोळसा ऑस्ट्रेलियाचा, कारखाने चीनचे. लडाखमध्ये त्याच वर्षी आपले सैनिक चिनी सैन्यासमोर उभे होते आणि त्याची चर्चा घरोघरी झाली, ते योग्यच होते. या एकोणचाळीस जणांची मात्र त्यांच्या घरच्यांखेरीज फारशी कोणाला आठवणही नसेल.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा या विखुरलेल्या जबाबदारीची किंमत काय असते हे आमच्या कामात रोज दिसू लागले. जहाजे सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. तो नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम होता. द्राक्षाच्या रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरला सील लावताना आम्ही तापमानाचा आकडा पाहतो, पण युरोपातला खरेदीदार पेटी उघडून आधी देठ पाहतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा, तपकिरी झाला असेल तर भाव खाली. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याने वर्षभर जपलेला तो देठ येमेनमधून सुटणाऱ्या ड्रोनवर अवलंबून आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. भाडे वाढले, युद्धजोखमीचा विमा वाढला. कोणते पाणी धोक्याचे मानायचे याची यादी लंडनच्या विमा बाजारात तयार होते आणि ती तयार करताना आपल्याला कोणी विचारत नाही.

या काळात आपल्या नौदलाने केलेल्या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. २३ डिसेंबर २०२३ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर 'केम प्लूटो' या टँकरवर ड्रोन आदळले. ध्वज लायबेरियाचा, मालक जपानी, व्यवस्थापन डच, बहुतेक सगळे खलाशी भारतीय आणि तेल मंगळूरला येणारे. तटरक्षक दलाने ते जहाज मुंबईला सुखरूप आणले. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने किनाऱ्यापासून सुमारे चौदाशे सागरी मैलांवर 'रुएन' या जहाजावरील पस्तीस सोमाली चाच्यांना चाळीस तासांच्या कारवाईनंतर शरण आणले, ओलीस धरलेल्या सतरा जणांना सोडवले आणि चाच्यांना मुंबईत आणून २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली पोलिसांच्या हवाली केले. या काळातल्या नौदलाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत ११० जणांचे जीव वाचले, त्यांत ४५ भारतीय खलाशी होते. बाकीचे परदेशी होते, आणि त्यांच्यासाठीही आपले जवान समुद्रात उतरले याचा मला अभिमान वाटतो. पण नौदल लाटांवर रक्षण करू शकते. थकलेला पगार, बनावट प्रमाणपत्र, परक्या तुरुंगातली कोठडी हे नौदलाच्या तोफेच्या टप्प्यात येत नाही.

हीच गुंतागुंत मालाच्या बाबतीतही आहे आणि ती थेट सुरक्षेला भिडते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला जे सव्वीस जण मारले गेले, त्यांत डोंबिवलीचे तिघे आणि पनवेलचे एक गृहस्थ होते. आमच्या ठाणे-पनवेल पट्ट्यात तो आठवडा कसा गेला हे सांगायला नको. २ मे रोजी सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर, तिसऱ्या देशामार्गे येणाऱ्या मालासह, बंदी घातली. पुढच्या दोन महिन्यांच्या आत महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेव्यातच ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, सुमारे नऊ कोटी रुपयांचा, कागदोपत्री संयुक्त अरब अमिरातीचा आणि प्रत्यक्षात कराचीहून दुबईमार्गे आलेला. त्यात खारीक होती. कंटेनर उघडले की खारीक खारकेसारखीच दिसते, तिच्यावर देश लिहिलेला नसतो. बंदी घालणे एका अधिसूचनेचे काम असते. ती पाळली जाते की नाही, हे बिल ऑफ एंट्रीतला, म्हणजे आयात मालाच्या घोषणापत्रातला, एक शब्द आणि दुबईच्या गोदीत बदललेला एक कंटेनर ठरवतो. जानेवारी २०२४ मध्ये याच बंदरात कराचीला निघालेल्या एका मालटाध्वजी जहाजावरून चीनमधून पाठवलेले इटालियन बनावटीचे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे धातुकामाचे, यंत्र उतरवून घेतले गेले, कारण ते क्षेपणास्त्र कार्यक्रमात वापरले जाण्याचा संशय होता. हे काम करणारे कस्टम्सचे अधिकारी शेकडो पानांतून एक चुकीची नोंद शोधत असतात. जितका माल वाढला तितकी माणसे वाढली नाहीत, हे मी रोज पाहतो.

संगणकाच्या बाजूने तर आपण अजून उघडेच आहोत असे मला वाटते. २०१७ च्या जूनअखेरीस युक्रेनमधील कर भरण्याच्या एका संगणक प्रणालीतून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे त्याबद्दल रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. हल्ला युक्रेनवर होता, पण जगातील एका अग्रगण्य जहाज कंपनीचे पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर त्यात निकामी झाले आणि न्हावा शेव्यातल्या एका टर्मिनलचे काम थंडावले. त्या दिवसांत कंटेनर क्रमांक पुन्हा वहीत लिहिले गेले. पावसात ट्रेलरच्या रांगेत उभे असलेले चालक विचारत होते की गाडी आत कधी घेणार, आणि फाटकावरच्या माणसाकडेही उत्तर नव्हते. कीव्ह कुठे आहे हे त्या चालकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या घटनेला इतकी वर्षे झाली, तेव्हापासून बंदराचे काम आणखी संगणकावर गेले, परंतु पुन्हा असे झाल्यास पहिल्या सहा तासांत कोणी काय करायचे याचा सराव आम्हा क्लिअरिंगवाल्यांपर्यंत, ट्रेलर मालकांपर्यंत किंवा सीएफएसपर्यंत, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांपर्यंत, कधी आल्याचे मला आठवत नाही.

किनाऱ्याच्या पहाऱ्याबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे. १९९३ चे आरडीएक्स आमच्या रायगडच्या शेखाडीला उतरले होते आणि २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आले. दोन्ही वेळा समुद्रावरच्या सामान्य माणसाला काहीतरी वेगळे दिसले असण्याची शक्यता यंत्रणेच्या आधी होती. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित माणसे पाहिल्याचे सांगितले तेव्हा नौदलापासून पोलिसांपर्यंत सर्वांनी शोध घेतला. काही सापडले नाही, तरी त्या मुलांचे म्हणणे गांभीर्याने घेतले गेले हे उत्तम झाले. मोरा आणि करंजाच्या कोळी बांधवांकडेही त्याच गांभीर्याने पाहिले गेले पाहिजे. बंदरासाठी त्यांची मासेमारीची जागा घ्यायची आणि मग त्यांनीच समुद्रावर डोळा ठेवावा अशी अपेक्षा करायची, तर आधी त्यांचे पुनर्वसन नीट झाले पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपला माल, आपले खलाशी, आपली बंदरे, मग जहाजे परक्यांची का? ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे 'एस. एस. लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवण्याचा प्रयत्न केला तरी त्यांनी हट्ट सोडला नाही, कारण ज्याची जहाजे त्याचा व्यापार हे त्यांना कळले होते. सोलापूरच्या त्या माणसाची आठवण म्हणून आपण दर वर्षी ५ एप्रिलला सागरी दिन पाळतो. १९८० च्या दशकाअखेर आपल्या परदेशी व्यापारातला सुमारे चाळीस टक्के माल भारतीय जहाजे वाहून नेत. आज ते प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे पंतप्रधानांनीच सांगितले की आपण दर वर्षी सुमारे सहा लाख कोटी रुपये परदेशी जहाज कंपन्यांना भाड्यापोटी देतो. त्यानंतर काही दिवसांतच मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. फक्त गोद्या बांधून आणि जहाजे परदेशी मालकांना विकून ते पाऊल पूर्ण होणार नाही. त्या जहाजांवर तिरंगा लागला पाहिजे, आणि तो लावणे मालकाला कराच्या दृष्टीने परवडले पाहिजे, नाहीतर येथे बांधलेले जहाजही पनामात नोंदले जाईल.

परकीय मालकांवर फार कडक अटी घातल्या तर ते फिलिपिन्स किंवा चीनमधून माणसे घेतील आणि आपल्याच मुलांच्या नोकऱ्या जातील, असा आक्षेप माझ्याच कार्यालयात घेतला जातो. फिलिपिन्सचे उदाहरण मला उलट वाटते. त्या देशाने खलाशांच्या करारासाठी नमुना ठरवून दिला, परदेशात कामगार अधिकारी ठेवले, आणि तरीही त्यांचे खलाशी जगात सर्वाधिक मागणी असलेल्यांत आहेत. चांगला मालक अटींना घाबरत नाही. जो घाबरतो त्याच्याकडे आपला मुलगा न गेलेलाच बरा.

माझी सरकारला विनंती अशी की आखातातील आणि पश्चिम आफ्रिकेतील आपल्या वकिलातींत केवळ खलाशांसाठी एक जबाबदार अधिकारी असावा, ज्याचे नाव आणि दूरध्वनी साइन ऑनच्या कागदावरच छापलेले असेल. जहाजाचा विमा आणि आर्थिक हमी यांची मुदत तपासल्याशिवाय कोणालाही देशाबाहेर जहाजावर पाठवता येऊ नये, आणि हमी खोटी निघाली तर थकलेला पगार भरती करणाऱ्या एजंटाच्या ठेवीतून वसूल व्हावा. १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा व्यापारी नौकानयन कायदा आला आहे, त्याच्या नियमांत हे बसवता येईल. आणि ज्या देशांचे ध्वज वारंवार बेवारस जहाजांवर सापडतात, त्यांच्याशी होणाऱ्या प्रत्येक बैठकीत हा विषय भारताने नाव घेऊन मांडावा. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेच्या बैठकीचे अध्यक्षपद भूषवताना आपल्या पंतप्रधानांनी सागरी सुरक्षा हाच विषय निवडला होता. त्या व्यासपीठावर खलाशाच्या पगाराची गोष्ट लहान ठरत नाही.

आपणांस विनंती एवढीच की आपल्या प्रतिनिधीने एकदा बेलापूरच्या त्या इमारतींतून फिरावे आणि जिन्यात फाइल घेऊन बसलेल्या मुलांशी बोलावे. माझा पुतण्या गेल्या आठवड्यात तेथे जाऊन आला. घरचे कर्ज फिटायचे आहे, म्हणून तो पुन्हा जाणार आहे. या वेळी त्याने पगाराच्या आधी जहाजाचा ध्वज कोणता असे विचारले. ''ते जॉइनिंगच्या वेळी कळेल,'' असे उत्तर मिळाले.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
नेरुळ, नवी मुंबई